'नून' : एका कालवाचक शब्दाचे स्थानांतर

१

इंग्रजी भाषेतील 'नून' हा शब्द आज मध्यान्हाचा, म्हणजे दिवसाचे बारा वाजण्याच्या क्षणाचा, वाचक आहे. या अर्थाविषयी इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात कोणताही संदेह नसतो. परंतु शब्दाची व्युत्पत्ती पाहू गेल्यास एक विसंगती समोर येते. 'नून' हा लॅटिनमधील 'नोना' या शब्दापासून आलेला आहे, आणि 'नोना' म्हणजे 'नववी'. पूर्ण पद 'होरा नोना', म्हणजे सूर्योदयापासून मोजलेला नववा तास. आजच्या घड्याळाच्या भाषेत सांगावयाचे तर ही वेळ दुपारी तीनच्या सुमाराची. नऊ या संख्येचे नाव धारण करणारा शब्द सहाव्या तासाच्या अखेरीस येऊन स्थिरावला, म्हणजे जवळजवळ तीन तास मागे सरकला. हे स्थानांतर केव्हा झाले, कोणत्या कारणाने झाले आणि सर्वत्र झाले की काही विशिष्ट प्रदेशांतच झाले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अर्थपरिवर्तनाच्या विवेचनात अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थापकर्ष इत्यादी प्रकार सांगितले जातात. 'नून'चे उदाहरण यांपैकी कोणत्याही प्रकारात नीट बसत नाही. अर्थ विस्तारला नाही, संकोचलाही नाही. तो जागेवरून हलला. अशा स्थानांतराची कारणे भाषेच्या रचनेत शोधून सापडत नाहीत. ती समाजाच्या दिनक्रमात शोधावी लागतात.

२

प्रथम मूळ अर्थ निश्चित केला पाहिजे. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा समान भाग करीत. दिवस लहानमोठा होई त्याप्रमाणे या भागांची लांबीही बदले. रोम शहराच्या अक्षांशावर डिसेंबरातील सर्वांत लहान दिवशी हा तास आजच्या सुमारे ४५ मिनिटांचा, तर जूनमधील सर्वांत मोठ्या दिवशी सुमारे ७५ मिनिटांचा असे. सहावा तास संपला की मध्यान्ह होई, हे मात्र सर्व ऋतूंत सारखेच. नववा तास विषुवदिनी दोन वाजता सुरू होई व तीन वाजता संपे. तासाच्या क्रमांकाने त्याचा आरंभ घ्यावयाचा की समाप्ती, याविषयी जुन्या लेखनात एकवाक्यता नाही. त्यामुळे 'नोना' म्हणजे दोन ते तीन या दरम्यानची वेळ असे म्हणणे अधिक सुरक्षित होय.

बारा तासांपैकी व्यवहारात विशेष महत्त्व तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तासाला होते. न्यायाधिकाऱ्याचा सेवक तिसरा तास, मध्यान्ह आणि नववा तास यांची जाहीर घोषणा करीत असे, अशी माहिती वारो या ग्रंथकाराने लॅटिन भाषेवरील आपल्या ग्रंथात दिली आहे. मार्शल या कवीने एका लघुकाव्यात दिवसाच्या तासांचा क्रम सांगितला असून त्यात नववा तास हा भोजनासाठी आसनावर बसण्याचा तास म्हणून येतो. 'नोना' आणि भोजन यांचे साहचर्य ख्रिस्ती मठांच्या पूर्वीचे आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ख्रिस्ती धर्मसंघाने हीच विभागणी उचलली आणि तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तासाला प्रार्थना नेमून दिल्या. सहाव्या शतकात सिद्ध झालेल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांत या प्रार्थनांबरोबरच जेवणाच्या वेळाही ठरविलेल्या आढळतात. ४१ व्या प्रकरणाप्रमाणे ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत सहाव्या तासाला जेवावयाचे. त्यानंतर उन्हाळाभर बुधवारी व शुक्रवारी, शेतीचे काम किंवा कडक ऊन नसल्यास, नवव्या तासापर्यंत उपवास करावयाचा. सप्टेंबरच्या मध्यापासून लेंट सुरू होईपर्यंत रोजच नवव्या तासाला जेवावयाचे. आणि लेंटच्या उपवासकाळात सायंकाळपर्यंत थांबावयाचे. वर्षाच्या मोठ्या भागात नवव्या तासाची घंटा ही दिवसातील पहिल्या अन्नाची घंटा होती, असा याचा अर्थ होतो.

इंग्लंडमध्ये हा शब्द धर्मप्रसाराबरोबर पोहोचला. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप 'नोन' असे असून त्याचा अर्थ नववा तास किंवा त्या तासाची प्रार्थना असाच आहे. मध्यान्हासाठी 'मिद्दाय' असा स्वतंत्र देशी शब्द होता व त्याचाच वंशज आजचा 'मिडडे'. सुमारे इ. स. १००० मधील हस्तलिखितात सुरक्षित राहिलेल्या 'बेवुल्फ' काव्यात नायक सरोवराच्या तळाशी युद्ध करीत असता काठावर वाट पाहणारे डेन लोक 'नोन' होताच आशा सोडून निघून जातात. आधुनिक वाचक येथे आजचा 'नून' वाचील तर ते लोक बारा वाजताच परतले असे समजेल. वस्तुतः त्यांनी दिवसाचा तिसरा प्रहर संपत येईतो वाट पाहिली होती. एका शब्दाचा आजचा अर्थ मागे नेल्याने तीन तासांची प्रतीक्षा पुसली जाते, आणि तिच्याबरोबर त्या माणसांच्या निष्ठेचे मापही बदलते.

३

स्थानांतर केव्हा झाले? इंग्रजीपुरते पाहता चौदाव्या शतकापर्यंत मध्यान्हाचा अर्थ रूढ झालेला दिसतो. 'आफ्टरनून' हा समास इ. स. १३०० च्या सुमारास आढळू लागतो, ही गोष्ट सूचक आहे. दिवसाचा संपूर्ण उत्तरार्ध दाखविण्यासाठी 'नूननंतरचा' असे म्हणता यावयाचे, तर 'नून' हा दिवसाच्या मध्यभागी आलेला असला पाहिजे.

परंतु हा बदल एकट्या इंग्रजीतील नाही. त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा इटलीतून मिळतो. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहिलेल्या 'कोन्विव्हिओ' या ग्रंथाच्या चौथ्या भागात दान्तेने असे प्रतिपादन केले आहे की, सहावा तास हा दिवसातील सर्वांत श्रेष्ठ तास असल्यामुळे धर्मसंघ आपल्या प्रार्थना शक्य तितक्या त्याच्या जवळ आणतो. म्हणून नवव्या तासाची घंटा सातव्या तासाच्या आरंभीच वाजली पाहिजे. सातव्या तासाचा आरंभ म्हणजेच मध्यान्ह. दान्तेने दिलेले कारण तात्त्विक आहे आणि ते प्रथा रूढ झाल्यानंतर तिला दिलेले समर्थन असावे, असे मानण्यास जागा आहे. परंतु प्रथेविषयीची त्याची साक्ष निःसंदिग्ध आहे. त्याच्या काळी 'नोना' नावाची घंटा बारा वाजता वाजत होती.

येथे एक प्रचलित समज बाजूस ठेवला पाहिजे. यांत्रिक घड्याळांमुळे वेळेची नावे बदलली असे वाटणे स्वाभाविक आहे. पण बारा वाजण्याचे ठोके देणारी सार्वजनिक घड्याळे युरोपच्या शहरांत चौदाव्या शतकात पसरली. इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमधील प्रसिद्ध घड्याळ परंपरेने १३८६ चे मानले जाते. 'नोना'चे सरकणे याच्या पूर्वीच पूर्ण होत आले होते. घड्याळाने बदल घडविला नाही. घडून गेलेला बदल त्याने पक्का केला. समान लांबीचे तास रूढ झाल्यावर 'नून' बाराच्या आकड्याला कायमचा बांधला गेला.

४

कारणाविषयी विद्वानांत दोन मते प्रामुख्याने दिसतात.

पहिले मत उपवासाचे. नवव्या तासाची प्रार्थना झाल्याखेरीज अन्न नाही, असा नियम असता भुकेने व्याकुळ झालेल्या मठवासीयांनी प्रार्थनाच हळूहळू अलीकडे आणली, असे हे मत सांगते. ते विनोदी वाटले तरी निराधार नाही. बेनेडिक्टच्या नियमांतच, ४८ व्या प्रकरणात, उन्हाळी दिनक्रमासाठी 'नोना' थोडी लवकर, आठव्या तासाच्या मध्याला, म्हणावी अशी अनुज्ञा आहे. आठव्या तासाचा मध्य म्हणजे सुमारे दीड वाजता. मागे सरकण्याची वाट नियमानेच मोकळी करून दिली होती. इ. स. ८०० च्या सुमारास ऑर्लेआँचा बिशप थिओडुल्फ याने आपल्या धर्मगुरूंना दिलेल्या आदेशांत अशी तक्रार केली आहे की, लेंटमध्ये उपवास करतो असे म्हणणारे पुष्कळ लोक नवव्या तासाची घंटा ऐकताच जेवावयास बसतात. सायंप्रार्थनेपूर्वी जेवणाऱ्याने उपवास केला असे मानता येणार नाही. या आदेशांचे प्राचीन इंग्रजीत भाषांतरही झाले होते. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस उपवासाच्या दिवशी भोजनाची योग्य वेळ म्हणून नवव्या तासाचाच निर्देश करतो. चारशे वर्षांपूर्वी जी सवड दोष म्हणून गणली गेली, ती त्याच्या काळी नियम बनली होती. यापुढची पायरी घंटाच अलीकडे ओढण्याची.

थिओडुल्फच्या तक्रारीतील महत्त्वाची गोष्ट अशी की, लोक तास मोजत नव्हते, घंटा ऐकत होते. सर्वसामान्य माणसाजवळ छायायंत्र नव्हते, आणि ढगाळ आकाशाच्या प्रदेशात ते असते तरी त्याचा उपयोग बेताचाच. त्याच्या लेखी 'नोना' म्हणजे नववा तास नव्हे. 'नोना' म्हणजे ती घंटा वाजते ती वेळ. घंटा दीड वाजता वाजली तर 'नोना' दीड वाजता झाली, आणि बारा वाजता वाजली तर बारा वाजता.

दुसरे मत श्रमाचे. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ याने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, चौदाव्या शतकातील श्रमकालाविषयीच्या निबंधात असे सुचविले की, 'नोना' हा शहरी मजुराच्या मधल्या विश्रांतीचा क्षण होता आणि दिवसाच्या श्रमाचे दोन सारखे भाग पाडण्याच्या गरजेतून तो मध्यान्हाकडे सरकला. त्याच्या मते दहाव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही वेळ दोन वाजल्यापासून बारापर्यंत मागे आली. याला इंग्रजीतील एका जुन्या शब्दाचा आधार देता येईल. 'नून' आणि पेय या अर्थाचा 'शेंच' यांच्या समासातून झालेला 'नन्शन' हा शब्द मधल्या वेळच्या पेयाला व फराळाला लावला जाई. 'लंचन' या शब्दाच्या घडणीवरही त्याचा परिणाम झाला असावा असे मानतात.

ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही. मठाच्या नियमात शिथिलता कशी आली, याचा उलगडा पहिल्या मताने होतो. पण मठातील सोयीचा बदल सर्व समाजाने का स्वीकारावा, याचे उत्तर त्यात नाही. ते दुसऱ्या मतात सापडते. उलटपक्षी, मजुराला मध्यान्हीच्या विश्रांतीसाठी 'सहावा' हा शब्द उपलब्ध असता त्याने 'नववा' का घेतला, हे दुसऱ्या मताने सांगता येत नाही. त्यासाठी नवव्या तासाच्या घंटेशी जडलेले अन्नाचे साहचर्य गृहीत धरावे लागते. रोमपासून चालत आलेला भोजनाशी असलेला संबंध हा या शब्दाचा स्थिर भाग होता. वेळ बदलली, तो संबंध बदलला नाही.

५

हे अनुमान तपासून पाहण्याचे साधन म्हणजे अन्य भाषांतील त्याच शब्दाचे भवितव्य.

आइसलँडच्या भाषेत 'नोन' हा शब्द ख्रिस्ती धर्माबरोबर आला आणि त्याचा अर्थ आजही दुपारचे तीन असाच आहे. तेथे तो का हलला नाही? त्या देशात अहोरात्राचे आठ भाग मानण्याची जुनी पद्धत होती, आणि प्रत्येक शेतघरावरून सूर्य कोणत्या टेकडीच्या किंवा शिखराच्या माथ्यावर आला म्हणजे कोणती वेळ झाली, हे ठरलेले असे. 'नोन' हा शब्द ज्यांच्या नावात गुंफलेला आहे अशा टेकड्या व डोंगर त्या देशात आढळतात. इंग्लंडमध्ये शब्दाचा आधार घंटा होता, आइसलँडमध्ये डोंगर. घंटा माणसाच्या हाताने मागेपुढे होते. डोंगर होत नाही. कालवाचक शब्द ज्या खुणेने जाहीर होतो त्या खुणेबरोबर राहतो, असा निष्कर्ष या तुलनेतून काढता येईल.

आयरिश भाषेत 'नोना'पासून झालेला 'त्राहनोना' हा शब्द दुपार-संध्याकाळचा वाचक आहे, आणि वेल्श भाषेतील 'प्रिनाउन' हा शब्दही दिवसाच्या उत्तरभागाचाच. डच भाषेत मात्र 'नून' हे रूप इंग्रजीप्रमाणेच मध्यान्हाच्या अर्थाने येते.

इटालियन व फ्रेंच यांची स्थिती आणखी निराळी. दान्तेच्या साक्षीप्रमाणे घंटा तेथेही सरकली होती. तरीही मध्यान्हासाठी त्या भाषांत 'मेझ्झोज्योर्नो' व 'मिदी', म्हणजे 'दिनमध्य', हेच शब्द टिकले. याचे एक कारण रूपाच्या पारदर्शकतेत असू शकेल. इटालियन माणसाला 'नोना' या शब्दात 'नववी' हा अर्थ उघड दिसतो. मध्यान्हाला 'नववी' म्हणत राहणे त्याला अवघडच जाणार. इंग्रजीत नऊचा वाचक 'नाइन' व 'नून' यांचा संबंध बोलणाऱ्याला जाणवत नाही. शब्दाचे मूळ विसरले गेल्यामुळे तो मोकळा झाला. मूळ विसरणे हे स्थानांतराचे कारण नव्हे, पण स्थानांतरानंतर शब्द टिकून राहण्याची ती अट असावी. पुढे त्या प्रार्थनेचा निर्देश करण्यासाठी इंग्रजीला 'नून'पासून भिन्न असे 'नोन्स' हे वेगळे रूप वापरावे लागले, यावरूनही 'नून' आपल्या मूळ स्थानापासून किती दूर गेला होता ते कळते.

स्पॅनिशमधील 'सिएस्ता' हा शब्द येथे आठवल्यावाचून राहत नाही. तो 'होरा सेक्स्ता', म्हणजे सहावा तास, यापासून आला. सहाव्या तासाचे नाव स्पेनमध्ये विश्रांतीला मिळाले, आणि त्या तासाचे रिकामे स्थान इंग्लंडमध्ये नवव्याने घेतले.

६

या विषयाचा भारतीय कालगणनेशी असलेला संबंध दोन ठिकाणी दिसतो.

पहिला संबंध प्रत्यक्ष शब्दाचा आहे. 'होरा नोना' या पदातील 'होरा' हा शब्द लॅटिनने ग्रीकमधून घेतला. इंग्रजी 'अवर' त्याचाच वंशज. तोच ग्रीक शब्द ज्योतिषशास्त्राबरोबर संस्कृतात आला. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहज्जातका'त 'होरा' हा शब्द 'अहोरात्र' यातील पहिले व शेवटचे अक्षर गळून झाला, असे काहींचे मत नोंदविले आहे. ही व्युत्पत्ती ऐतिहासिक दृष्ट्या ग्राह्य नाही. परंतु परका शब्द आपलासा करण्याची एक रीत म्हणून ती उद्बोधक आहे.

दुसरा संबंध समांतर रचनेचा आहे. तिसरा, सहावा, नववा व बारावा तास यांनी पडणारे दिवसाचे चार भाग म्हणजे आपले चार प्रहरच होत. या दृष्टीने पाहता मूळचा 'नोना' हा तिसऱ्या प्रहराचा शेवट, आणि आजचा 'नून' हा दुसऱ्याचा. मराठी 'दुपार' हा शब्द 'द्विप्रहर' यापासून प्राकृतातील 'दुपहर'च्या वाटेने आलेला आहे. त्याचे व्युत्पत्तिसिद्ध स्थान मध्यान्ह हेच. परंतु आजच्या मराठीत 'दुपारी चार वाजता' असे सहज म्हटले जाते. 'दुपार' आपल्या जागेवरून हलली नाही, तर पुढच्या बाजूला पसरली. क्षणाचे नाव कालखंडाचे नाव झाले. इंग्रजीला ज्यासाठी 'नून' आणि 'आफ्टरनून' असे दोन शब्द लागतात, ते क्षेत्र मराठीत एकाच शब्दाने व्यापले आहे. त्यामुळे पेशवेकालीन कागदपत्रांतील 'दोन प्रहर दिवस' या निर्देशाचे रूपांतर आजच्या सैल अर्थाच्या 'दुपारी'ने करणे म्हणजे 'बेवुल्फ'मधील 'नोन'च्या बाबतीत होणारीच चूक उलट दिशेने करणे होय. तेथे लेखकाने नेमका मध्यान्ह सांगितलेला असतो.

मध्यान्हही सर्वांचा एक नसतो, याचा अनुभव मुंबई शहराने घेतला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास, तर मुंबईची स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे. ३९ मिनिटांच्या या फरकाला शहरात विरोध झाला आणि मुंबई महानगरपालिकेच्या व्यवहारात 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालू राहिला. प्रमाणवेळेच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा मुंबईचा सूर्य माथ्यावर येण्यास सरासरीने ३९ मिनिटे अवकाश असतो. फेब्रुवारीच्या मध्यास हे अंतर पाऊण तासाहून अधिक होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी पंचवीस मिनिटांच्या आत येते. चौदाव्या शतकात घंटेने जे केले तेच येथे प्रशासनाच्या घड्याळाने केले. शब्द खुणेमागे गेला आणि सूर्य मागे राहिला.

७

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. 'नून' हा शब्द तीनवरून बारावर आला, याचे मूळ कारण भाषिक नाही. उपवास सोडण्याची व श्रम थांबविण्याची वेळ समाजाने बदलली, घंटेने ती जाहीर केली आणि शब्द घंटेबरोबर गेला. भाषेचे कार्य एवढेच की, व्युत्पत्ती विसरली गेल्यामुळे तिने या बदलाला अडथळा केला नाही. जेथे खूण अचल होती तेथे शब्दही अचल राहिला; जेथे संख्या डोळ्यांसमोर होती तेथे शब्द मागे पडला.

कोशकार अर्थ देतो तो एका काळापुरता असतो. जुन्या लेखातील वेळेचा निर्देश वाचताना ती वेळ कोणत्या खुणेने ओळखली जात होती, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. छाया, घंटा, डोंगर, घटिकापात्र की घड्याळ, याचे उत्तर मिळेपर्यंत शब्दाचा अर्थ अनिश्चितच समजावा.